मेमो, नोटीस आणि प्राचार्यांचं बोलावणं: आधी विचारा, कुठल्या नियमाखाली?

प्रश्न असा आला आहे:

"मॅडम, मी गोवा राज्य सरकारच्या एका खात्यात यूडीसी (अव्वल कारकून) आहे, वाळपईजवळच्या गावात राहते. आमच्या वाड्यामागच्या डोंगराची कापणी चालू आहे. त्याबद्दल एका मराठी दैनिकाला वाचकांच्या पत्रांसाठी पत्र लिहिलं, खाली माझं नाव आणि गाव. पंधरा दिवसांनी ऑफिसात मेमो हातात पडला: 'तुमच्या वर्तनामुळे सरकारची प्रतिमा मलिन झाली आहे, सात दिवसांत खुलासा करा.' माझी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ते कात्रण इन्स्टाग्रामवर टाकून आमदारांबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर प्राचार्यांनी बोलावून माफीनामा मागितला. धाकटा दीर न्यूज पोर्टल चालवतो. त्याने जमीनमालकाचं नाव घेऊन बातमी केली, त्याला एक कोटीची अब्रूनुकसानीची नोटीस आली. घरात सगळे म्हणतात, माफी मागून मोकळे व्हा. आम्हाला बोलायचा अधिकार आहे की नाही?"

ताई, अधिकार आहे. तिघांनाही आहे, पण तिघांच्या अधिकाराची कुंपणं वेगवेगळी आहेत. आणि माफीचा कागद कुणीही अजून लिहू नका. तुम्ही मेमोला उत्तर म्हणून माफी लिहिलीत, तर ती तुमच्या फाइलला कबुली म्हणून लागेल. पुढे बढतीच्या वेळी किंवा एखाद्या चौकशीत तोच कागद तुमच्यासमोर धरतील. मी पणजीत सव्वीस वर्षं वकिली करते, बरीचशी नोकरदारांच्या प्रकरणांत. घाबरून लिहिलेल्या माफीने जितकं नुकसान होताना पाहिलं, तितकं मूळ पत्राने झालेलं पाहिलेलं नाही.

सुरुवात संविधानापासून करते, कारण तिघांचंही उत्तर तिथूनच निघतं. कलम १९ (१) (अ) नागरिकाला भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम १९ (२) त्यावर मर्यादा घालू देतं. ही मर्यादा 'कायद्याने' घातलेली असावी लागते, ती वाजवी असावी लागते, आणि तिथे दिलेल्या कारणांपैकीच एखाद्या कारणासाठी असावी लागते. ती कारणं मोजून आठ आहेत: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं की ही यादी पुरी आहे, तिच्यात नवं कारण घालता येत नाही. यादी पुन्हा वाचून पाहा. 'सरकारची प्रतिमा' तिच्यात कुठेच नाही.

'कायद्याने' हा शब्दही तितकाच मोलाचा. केरळात १९८५ साली तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. शिक्षण खात्याची परिपत्रकं होती, पण त्या परिपत्रकांमागे कायद्याचं बळ नव्हतं, आणि नुसत्या खात्याच्या सूचनेने मूलभूत हक्क आखडता येत नाही, हे त्या निकालाचं एक मुख्य सूत्र. म्हणून माझ्याकडे असा कागद आला की मी आधी एकच गोष्ट शोधते: यात नियमाचा क्रमांक लिहिलाय का? तुमच्या मेमोत तुम्ही उतरवलेल्या मजकुरावरून तरी तो दिसत नाही. प्राचार्यांच्या तोंडी बोलावण्यात तो असण्याचा प्रश्नच नाही.

आता तुमचं पाहू, कारण तिघांत सगळ्यात अवघड जागी तुम्ही आहात.

सरकारी नोकरीत शिरलं की मूलभूत हक्क दारात ठेवावे लागतात, हा समज १९६२ मध्येच मोडला. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार या खटल्यात कर्मचाऱ्यांना कुठलंही निदर्शन करायला सरसकट बंदी घालणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यापुरता रद्द केला. मात्र संप हा मूलभूत हक्क नाही, हेही तिथेच सांगितलं, आणि २००३ मध्ये तामिळनाडूच्या रंगराजन खटल्यात ते आणखी कडक शब्दांत आलं. म्हणजे कर्मचारी नागरिक राहतो, पण त्याच्यावर सेवानियमांचं जास्तीचं ओझं असतं.

गोव्यात ते ओझं केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतून येतं. आपण १९८७ पर्यंत केंद्रशासित होतो, त्यामुळे हे केंद्राचे नियम इथे रुजले आणि घटकराज्य झाल्यावरही चालू राहिले. तुमच्या कामाचा नियम ९ आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर अथवा कृतीवर प्रतिकूल टीका ठरेल असं विधान कर्मचाऱ्याने छापील मजकुरात, वृत्तपत्राला दिलेल्या पत्रात किंवा जाहीर बोलण्यात करू नये, असं तो सांगतो. तुमचं पत्र वृत्तपत्रात आलेलं असल्यामुळे माध्यमाच्या बाजूने ते नियमात बसतं. वाद मजकुराचा आहे, म्हणून तुम्ही ते पत्र घेऊन एकेक वाक्य वेगळं करायला हवं.

तुमच्या पत्रात काय असेल याचा मला अंदाज आहे, कारण अशी पत्रं मी बरीच वाचलेली आहेत. डोंगर कापला जातोय, रात्री टिपर धावतात, पावसात माती खाली घरांवर येईल, ही वस्तुस्थिती झाली. त्यात सरकारच्या धोरणावर टीका कुठे आहे? उलट गोव्याच्या नगरनियोजन कायदा, १९७४ चं कलम १७अ सांगतं की मुख्य नगरनियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही की सखल जमीन भरता येत नाही. म्हणजे सरकारचं धोरणच डोंगर राखण्याचं आहे, आणि 'कायदा मोडला जातोय' असं तुम्ही म्हटलं असेल तर ते त्या कायद्याच्या बाजूने केलेलं विधान झालं. माझ्या मते खुलाशातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. पंचायत लक्ष देत नाही, असं लिहिलं असेल तर नियम ९ केंद्र आणि राज्य सरकारपुरता बोलतो. पंचायत ही वेगळी स्थानिक संस्था आहे, हेही मांडता येतं. पण 'सरकारच्या झोन बदलण्याच्या धोरणाने गोवा विकायला काढलाय' असं वाक्य त्यात असेल, तर ते नियम ९ च्या कक्षेत येतं हे तुम्हाला गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. तिथे आपली बाजू अशी राहील: एक वाक्य, सद्‌हेतूने, गावाच्या सुरक्षेच्या काळजीतून, कार्यालयाची माहिती न वापरता लिहिलेलं. त्यावर ताकीद आली तर समजू शकते, मोठी शिक्षा मात्र अतिरेकी ठरेल.

पत्राखाली हुद्दा लिहिला नाहीत हे फार बरं केलंत. नियम ८ सांगतो की माध्यमांतून बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने ही मतं स्वतःची आहेत, सरकारची नाहीत, हे स्पष्ट करावं. पुढे लिहाल तेव्हा शेवटी तशी एक ओळ घाला.

याच नियम ८ मुळे एक धोका तुमच्या लक्षात आलेला नसेल. वृत्तपत्र, नियतकालिक किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यम यांची मालकी, संपादन किंवा व्यवस्थापन यांत भाग घ्यायला कर्मचाऱ्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. दिराच्या पोर्टलचं बँक खातं तुमच्या नावावर आहे का? त्याच्या बातम्यांचं शुद्धलेखन तुम्ही तपासता का? पोर्टलच्या पेजचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? असेल तर आजच बाजूला व्हा. घरच्या घरी केलेली मदत माणसाला गुन्हा वाटत नाही, पण खात्याला पत्रापेक्षा हा मुद्दा जास्त सोयीचा पडतो, आणि त्याचं उत्तर देणं खरोखर कठीण असतं.

नियम ११ही बघून ठेवा. कार्यालयातल्या फाइलमधली माहिती परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. तुमच्या खात्याचा डोंगरकापणीशी संबंध असेल आणि पत्रात फाइल क्रमांक किंवा टिपणीतला मजकूर आला असेल, तर प्रकरण वेगळ्या वळणावर जातं. तीच माहिती माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करून घेतलेली असेल तर ती नागरिक म्हणून मिळवलेली असते, आणि कर्मचाऱ्यालाही तो अर्ज करता येतो. दहा रुपयांच्या त्या अर्जाने किती जणांची नोकरी राखली आहे, हे मी जवळून पाहिलं आहे.

मेमोत 'वर्तन' हा शब्द आहे, त्यामुळे खातं बहुधा नियम ३ (१) पुढे करील: सरकारी कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन. हे सगळ्यांवर टाकता येणारं जाळं आहे. १९८४ च्या ए. एल. कालरा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की चांगल्या वागणुकीच्या सर्वसाधारण अपेक्षेतून गैरवर्तन आपोआप तयार होत नाही, नियमांनी ज्याला गैरवर्तन ठरवलं आहे त्यासाठीच शिक्षा होऊ शकते. हा निकाल खुलाशात जरूर घाला.

तुम्हाला धीर येईल असा आणखी एक निकाल त्रिपुराचा आहे. तिथल्या मत्स्य खात्यातल्या एका अव्वल कारकून बाईंना निवृत्तीला काही दिवस उरले असताना निलंबित केलं होतं. आरोप काय, तर राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकर झाल्याने भाषणस्वातंत्र्य संपत नाही, सभेला हजर राहणं आणि राजकारणात भाग घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तणूक नियमांची हद्द ओलांडली नसेल तर स्वतःचं मत बाळगायला आणि मांडायला मोकळीक आहे. त्याच्या उलट बाजूही सांगायला हवी. १९९८ च्या देवेंद्रप्पा खटल्यात कर्नाटकातल्या एका सरकारी महामंडळाच्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांविरुद्ध राज्यपालांना पत्र लिहिलं आणि वृत्तपत्रांना निवेदन दिलं. त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेघ दिसते. स्वतःच्याच संस्थेविरुद्ध, वरिष्ठांवर आरोप करत, जाहीरपणे गेलात तर पाय घसरतो. तुम्ही तुमच्या खात्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नसेल, तर हे खुलाशाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

ग्रामसभेचंही विचारून टाकाल म्हणून आधीच सांगते. रविवारच्या ग्रामसभेत सरकारी नोकरी करणारी निम्मी माणसं तोंड मिटून बसतात, मला ते बघवत नाही. गावची मतदार म्हणून तुम्ही पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे ग्रामसभेच्या सदस्य आहात. डोंगराचा ठराव मांडणं, सचिवाला हिशेब विचारणं, इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवून घेणं हे सदस्याचं काम आहे. विषय पंचायतीपुरता आणि आपल्या गावापुरता ठेवा, मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ यांच्याकडे घसरू नका, कारण तिथे कुणीतरी मोबाइल उभा धरलेला असतो आणि चित्रफीत बाहेर गेली की ते 'जाहीर बोलणं' होतं. सरपंचांना, मामलेदारांना, नगरनियोजन खात्याला लेखी तक्रार देण्यात तर काहीच अडचण नाही. ती प्रसिद्धी होत नाही. भ्रष्टाचाराचा संशय असेल तर लोकायुक्तांकडे शपथपत्रासह जाता येतं.

आता मेमोचं. सात दिवस फार कमी आहेत. तिसऱ्या दिवसाच्या आत एक साधं पत्र द्या: कोणत्या नियमाचा भंग झाला ते कळवावं, ज्या मजकुराला हरकत आहे त्याची प्रत द्यावी, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवस द्यावेत. आवक कारकुनाकडून शिक्का आणि क्रमांक घ्या. तोंडी 'बघू मग' यावर विसंबू नका. उत्तर आलं नाही तरी मूळ मुदत संपण्याआधी जेवढं येतं तेवढं उत्तर द्या आणि उरलेलं मांडण्याचा हक्क राखून ठेवा. मेमोवर गप्प राहिलं की खातं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढतं.

त्यापुढे गेलंच तर १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियम लागतात. किरकोळ शिक्षेसाठी नियम १६, मोठ्या शिक्षेसाठी नियम १४ खाली रीतसर चौकशी. संविधानाचं कलम ३११ सांगतं की आरोप कळवून आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. निलंबन केलं तर ते नव्वद दिवसांच्या आत फेरविचाराला घ्यावं लागतं. शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवसांची. अपिलाने भागलं नाही तर राज्य कर्मचाऱ्याला पर्वरीला, उच्च न्यायालयात, रिट याचिका घेऊन यावं लागतं.

तुमच्या जावा-नणंदांपैकी कुणी अनुदानित शाळेत शिक्षिका असेल, तर तिला हे जसंच्या तसं लावू नका. त्यांच्यासाठी शाळा शिक्षण कायदा, १९८४ आणि त्याखालचे १९८६ चे नियम आहेत, आणि मेमो देणारं तिथे व्यवस्थापन असतं. मातृभाषेच्या माध्यमाच्या आंदोलनात २०११ नंतर कितीतरी शिक्षक उतरले होते. तेव्हाही माझा सल्ला हाच होता की नियमांचं पुस्तक आधी उघडा.

दिराकडे येते.

पत्रकाराला नागरिकापेक्षा वेगळा असा लेखी हक्क आपल्या संविधानात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत हेच स्पष्ट केलं होतं: वृत्तपत्र चालवणारा माणूस आपला नागरिकाचाच हक्क वापरत असतो. पण न्यायालयांनी तो हक्क चांगला रुंद केला, आणि त्यात एका मराठी दैनिकाचा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. सरकारने १९६० मध्ये आदेश काढला की किती पानांचं वृत्तपत्र किती किमतीला विकायचं ते आम्ही ठरवू. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिलं. पानं आणि खप यांवर बंधन घालणं म्हणजे विचारांच्या प्रसारावर बंधन घालणं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश आणि त्यामागचा १९५६ चा कायदा रद्द केला. त्या सुमारास आपण पोर्तुगिजांच्या हाताखाली शेवटचे महिने काढत होतो. सालाझारच्या राजवटीत छापायच्या मजकुरावर आधी सेन्सॉरची नजर फिरे. लग्नपत्रिकासुद्धा दाखवावी लागे, असं माझी आजी सांगायची. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी मोडली ती बंदी भाषणाचीच होती. त्यामुळे गोव्यात कुणी 'छापू नका' म्हटलं की मला ते साधं वाटत नाही.

नोटिशीला घाबरायचं कारण नाही, पण ती केरात टाकायचीही नाही. ती वकिलाचं पत्र आहे, न्यायालयाचा हुकूम नव्हे. एक कोटी हा आकडा वकिलाने लिहिलेला आहे, न्यायाधीशाने ठरवलेला नाही. दिराने पहिली गोष्ट ही तपासावी की नोटिशीत नेमकी कोणती वाक्यं बदनामीची म्हणून दाखवली आहेत. 'तुमची बातमी खोटी आणि द्वेषपूर्ण आहे' एवढंच असेल तर ती वाक्यं विचारणारं उत्तर आधी पाठवा. इथेही प्रश्न तोच, कशाला आणि कुठल्या आधारावर.

दुसरी गोष्ट कागदांची. १९९४ च्या राजगोपाल निकालाने सांगितलं की सार्वजनिक अभिलेखावर आधारलेली बातमी, त्या व्यक्तीची परवानगी नसली तरी, छापता येते. जमीनमालकाचं नाव दिराने एक-चौदाच्या उताऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवरून, घेतलं का? मुख्य नगरनियोजकांची परवानगी नाही, हे माहिती अधिकाराच्या उत्तरातून कळलं का? पंचायतीची काम थांबवायची नोटीस हातात आहे का? असेल तर बातमी भक्कम आहे. 'गावकऱ्यांत चर्चा आहे' एवढ्याच जोरावर असेल, तर दुरुस्ती छापायचा विचार वेळेत करावा, आणि त्यात लाज नाही. त्याच निकालाने आणखी एक मोठी गोष्ट सांगितली: सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतः बदनामीच्या भरपाईचा दावा लावू शकत नाही. जमीनमालक खासगी माणूस आहे, त्याला ती आडकाठी नाही.

दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध झाला की बचाव पुरा होतो. दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. फौजदारीत मात्र नुसतं खरं पुरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (पूर्वीच्या दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००) खरेपणाबरोबर लोकहितही मागतं. डोंगरकापणीच्या बातमीत लोकहित दाखवायला फार सायास पडू नयेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात हा गुन्हा घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि मला तो निकाल आजही पटत नाही. बदनामीसाठी माणसाला तुरुंगात घालण्याची गरज लोकशाहीला नसते. दिलासा एवढाच की हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस परस्पर एफआयआर नोंदवून घरी येऊ शकत नाहीत, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तक्रारीची दखल घेण्याआधी दिराचं म्हणणं ऐकावं लागतं. बातमी तात्पुरती उतरवायचा हुकूम मागितला गेला तर मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग निकाल पुढे ठेवायचा. खटला चालण्याआधी लिखाण थांबवणारे हुकूम सहजासहजी देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं आहे.

पोर्टल चालवणाऱ्याला आणखी एक ठिकाण आहे जिथे मी कुठलीही सूट मागणार नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पीडित मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ लागतं. आपली गावं लहान. नाव गाळलं पण वाड्याचं नाव, शाळा आणि वडिलांचा धंदा लिहिला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळतं. अशा बातम्या मी इथल्या पोर्टलांवर पाहिल्या आहेत आणि त्या मुलींच्या आयांना भेटले आहे. दिराला हे माझ्या वतीने सांगा.

मुलीचं सगळ्यात सोपं, तरी मला तिचीच जास्त काळजी वाटते, कारण या वयात एकदा माफीनामा लिहायची सवय लागली की ती लवकर सुटत नाही.

आमदारांबद्दलच्या दोन ओळी मी वाचलेल्या नाहीत. कामावर टीका असेल तर ती बोलायला मोकळी आहे. सार्वजनिक पदावरच्या माणसाने टीकेबद्दल हळवं असू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच सांगून ठेवलं आहे. 'पैसे खाल्ले' असा ठोस आरोप पुराव्याशिवाय केला असेल तर तेवढी ओळ काढून टाकायला सांगा. २०१४ मध्ये आपल्याच गोव्यात एका जहाजबांधणी अभियंत्यावर फेसबुकवरच्या राजकीय मजकुरासाठी गुन्हा नोंदला गेला होता, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, लावलेलं होतं. ते कलम श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं. चर्चा करणं, मत पटवणं आणि चिथावणी देणं यांत फरक आहे, आणि चिथावणीपर्यंत गेल्याशिवाय कायद्याने हात घालू नये, हा त्या निकालाचा गाभा. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचा गुन्हा याच विचाराने रद्द झाला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसावर काय होईल ते बघायचं, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्यावर नाही, हे मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यातही पुन्हा आलं.

कॉलेजला शिस्त राखायचा हक्क आहेच. वर्गात गोंधळ, मारहाण, सहाध्यायांची छळवणूक यांत मी कॉलेजच्या बाजूने उभी राहीन. पण घरी बसून स्वतःच्या खात्यावर लिहिलेल्या ओळीसाठी कारवाई करायची तर कॉलेजने लेखी नियम दाखवावा आणि मुलीचं ऐकून घ्यावं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून कॉलेजने तडकाफडकी काढलं होतं. तिने मजकूर काढून माफीही मागितली होती, तरी अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि म्हणणं न ऐकता काढल्याबद्दल कॉलेजला सुनावत तिला परीक्षेला बसू दिलं. याउलट मुंबईतल्या एका सामाजिक विज्ञान संस्थेतल्या संशोधकाचं दोन वर्षांचं निलंबन त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कायम केलं, कारण तो संस्थेचं नाव असलेल्या फलकाखाली मोर्चात गेला होता आणि ती मतं संस्थेची आहेत असा समज होत होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या काळापुरतं आणलं. म्हणून मुलीने कॉलेजचं नाव, बोधचिन्ह किंवा ओळखपत्राचा फोटो अशा पोस्टजवळ येऊ देऊ नये.

प्राचार्यांना तिने स्वतः, सभ्य भाषेत, एक पत्र द्यावं: पोस्ट वैयक्तिक आहे, कॉलेजचा तिच्याशी संबंध नाही, कुठल्या नियमाखाली माफी अपेक्षित आहे ते लेखी कळवावं. ती सज्ञान आहे, पत्रावर सही तिचीच हवी, तुमची नको. तुमची सही दिसली की कॉलेजचा कागद उद्या तुमच्या खात्याच्या फाइलला लागू शकतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन तुम्ही असलात तर त्याची भीती बाळगू नका. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मेमोचं पाकीट शोधून त्यावरची पोचल्याची तारीख बघा; सात दिवस तिथून मोजायचे. वृत्तपत्राचं मूळ पान जपून ठेवा, नुसता मोबाइलवरचा फोटो नको. संपादकांना पाठवलेलं मूळ पत्र मेलवर असेल तर त्याची छापील प्रत काढा, कारण वृत्तपत्राने मथळा बदललेला असतो आणि पुष्कळदा खात्याला खटकतो तो मथळाच असतो, तुमचा मजकूर नसतो. हे तिन्ही कागद आणि मेमो घेऊन वाळपईतल्या किंवा म्हापशातल्या कुठल्याही सेवाविषयक काम करणाऱ्या वकिलाकडे गेलात तरी खुलासा एका बैठकीत लिहून होईल.